आस, वाट आणि वंगण : थकलेल्या हृदयाच्या निमित्ताने कर्मविचार

एखाद्या माणसाचे हृदय थकत जाते तेव्हा त्याच्या घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : आता काय करायचे, हा पहिला, आणि हे याच्याच वाट्याला का आले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वैद्यकाने द्यायचे आणि दुसऱ्याचे धर्माने, अशी वाटणी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जाते, आणि या वाटणीमुळेच दोन्ही उत्तरे अपुरी राहतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले की पहिल्याचेही चुकते. कारण जो आपल्या दुखण्याला भोग मानून बसला तो औषध अर्ध्यावर सोडतो, आणि ज्याने ते सर्वस्वी स्वतःच्या चुकीचे फळ मानले तो शरमेने दवाखान्याची पायरीच चढत नाही. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रश्नाचे असले, तरी ते पहिल्यापासून तोडलेले नाही.

या विचाराला कुर्ल्याची भूमी योग्य आहे. मध्य आणि हार्बर या दोन रेल्वेमार्गांचा सांधा, देशातील पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी जेथवर धावली ते स्थानक, स्वदेशी मिल आणि प्रीमियर मोटारींचा कारखाना यांच्यावर पोसलेली व त्यांच्या बंद पडण्याने पोळलेली कामगारवस्ती, मिठी नदीच्या कडेने दाटलेली घरे, आणि या सगळ्यांत मिसळलेली मंदिरे, मशिदी, बुद्धविहार व होली क्रॉस चर्च, असा हा परिसर आहे. प्रारब्ध, तकदीर, कर्मविपाक आणि देवाची इच्छा हे चारही शब्द येथे दवाखान्याच्या एकाच रांगेत ऐकू येतात, आणि ते उच्चारणाऱ्यांच्या हातातील केसपेपर मात्र एकाच आजाराचे असतात.

त्या आजाराच्या नावापासूनच घोटाळा सुरू होतो. ‘हार्ट फेल होऊन गेला’ असे मराठीत म्हटले जाते तेव्हा अकस्मात आलेला मृत्यू अभिप्रेत असतो. वैद्यकात ‘हार्ट फेल्युअर’ या संज्ञेचा अर्थ तसा नाही. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी एकाएकी तुंबणे म्हणजे हृदयविकाराचा झटका, आणि हृदयाचे ठोके पूर्णपणे थांबणे म्हणजे हृदय बंद पडणे. हार्ट फेल्युअर म्हणजे मात्र हृदय चालू असूनही शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास ते असमर्थ होणे, किंवा तेवढे रक्त ढकलण्यासाठी त्याला आपल्या कप्प्यांत अवाजवी दाब सोसावा लागणे. म्हणून त्याला येथे हृदयाची क्षीणता म्हटले आहे. निरोगी हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते आणि विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. भरलेल्या डाव्या कप्प्यातील रक्तापैकी जेवढा भाग एका ठोक्यात बाहेर पडतो त्याचे शेकडा प्रमाण, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, टूडी एको या तपासणीत मोजले जाते. ते साधारणपणे ५५ ते ७० असते; ४० किंवा त्याहून कमी झाल्यास स्नायूची आकुंचनशक्ती घटली असे समजतात, आणि ते ५० च्या वर असूनही कप्पा ताठर झाल्यामुळे नीट भरतच नसेल तरी क्षीणता येते. हा आकडा घरातली माणसे परीक्षेतल्या गुणांसारखा वाचतात, म्हणून येथे हे सांगणे आवश्यक आहे की शंभर हा आकडा कोणाही निरोगी माणसाचा नसतो.

लक्षणे हळूहळू येतात. रेल्वेचा जिना चढताना दम लागतो, मग सपाट रस्त्यावरही लागतो. आडवे पडले की श्वास कोंडतो, म्हणून उशीखाली दुसरी आणि दुसरीखाली तिसरी उशी येते. मध्यरात्री माणूस उठून खिडकीशी बसतो. संध्याकाळी घोटे सुजतात आणि मोज्याचा किंवा चपलेच्या पट्ट्याचा वळ पायात रुततो. ‘छातीत पाणी झाले’ हा लोकांचा शब्दप्रयोग येथे बराचसा यथार्थ आहे, कारण मागे साचलेल्या रक्ताचा दाब वाढून फुप्फुसांत खरोखरच द्रव झिरपतो. पण हे पाणी तेथे साचण्यामागे शरीराचीच एक विलक्षण चूक असते. हृदयातून येणारा प्रवाह मंदावला की मूत्रपिंडे त्याचा अर्थ असा लावतात की शरीरातले रक्त किंवा पाणीच कमी झाले आहे. जखमेतून रक्त वाहून गेलेल्या प्राण्याला वाचवण्यासाठी जी व्यवस्था घडली, तीच व्यवस्था मग जागी होते, मीठ आणि पाणी धरून ठेवले जाते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडी वेगवान केली जाते. काही दिवस याने निभावते. नंतर हाच वाढलेला भार आणि हाच वेग थकलेल्या स्नायूला आणखी थकवतो, कप्पा फुगतो, त्याचा आकार बिघडतो आणि प्रवाह अधिकच मंदावतो. दोरीला साप समजणाऱ्या माणसाची उपमा वेदान्तात भ्रमासाठी दिली जाते. येथे भ्रम मनाला नव्हे तर मूत्रपिंडाला होतो, आणि त्यातून घडणारी धावपळ मात्र तितकीच खरी असते.

आता ‘का’ या प्रश्नाकडे वळावयाचे. ज्या गोष्टींमुळे हा आजार होण्याचा संभव वाढतो त्यांना जोखमीचे घटक म्हणतात. अनेक वर्षे दुर्लक्षिलेला उच्च रक्तदाब, हृदयाच्या वाहिन्यांतील अडथळे आणि येऊन गेलेला झटका, मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू, अतिमद्यपान, मूत्रपिंडाचे विकार, झडपांचे दोष, कर्करोगावरची काही औषधे, क्वचित बाळंतपणाच्या आगेमागे येणारी स्नायूची दुर्बलता, अशी ती मोठी मालिका आहे. तिरुवनंतपुरम येथील बाराशेहून अधिक रुग्णांच्या नोंदीत रुग्णांचे सरासरी वय ६१ च्या सुमारास आढळले, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील नोंदींच्या मानाने जवळजवळ दहा वर्षे अलीकडे, आणि बहुसंख्यांच्या आजाराचे मूळ हृदयवाहिन्यांच्या विकारात होते. कमावता हात अजून घराला हवा असतो अशा वयात हे दुखणे येथे येते, ही गोष्ट मनात ठेवली पाहिजे.

या घटकांची यादी वाचताना एक सूक्ष्म बदल नकळत घडतो. ‘रक्तदाब असणाऱ्या हजार माणसांत हा आजार अधिक आढळतो’ हे विधान समूहाविषयीचे आहे. पण रुग्णासमोर ते ‘तुम्ही गोळ्या घेतल्या नाहीत, म्हणून हे झाले’ असे होऊन येते. जुन्या काळी शेजारी म्हणत की मागच्या जन्मीचे काहीतरी असेल; आता सुशिक्षित नातलग म्हणतो की खाण्यापिण्यावर ताबा नव्हता. दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे. दोन्हींमध्ये दुःखाचा पत्ता दुःखिताच्याच दाराशी नेऊन पोचवला जातो, आणि बोलणाऱ्याला दिलासा मिळतो की हे आपल्यावर येणार नाही, कारण आपण तसे वागलेलो नाही. कर्मसिद्धान्ताचा हा वापर सिद्धान्ताशी प्रामाणिक नाही, आणि जोखमीच्या शास्त्राचा असा वापर शास्त्राशीही प्रामाणिक नाही.

या गाठीची उकल भारतीय परंपरेतील एका वैद्यकग्रंथात इतक्या नेमकेपणाने झालेली आहे की तिच्याकडे तत्त्वज्ञांचे लक्ष याहून अधिक जायला हवे होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात पुनर्वसु आत्रेय उन्हाळ्याच्या अखेरीस, पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या काठच्या वनात शिष्यांसह फिरत असतात, आणि अग्निवेश त्यांना विचारतो की आयुष्याची मर्यादा ठरलेली आहे की नाही. आत्रेयांचे उत्तर असे की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून आहे. दैव म्हणजे पूर्वी केलेले, पुरुषकार म्हणजे आज केले जाणारे. जर सर्वांचे आयुष्य आधीच बांधलेले असते, तर औषध घेण्याला, पथ्य पाळण्याला, पिसाळलेल्या जनावरापासून दूर पळण्यालाही काही अर्थ उरला नसता. मग अकाली मृत्यू म्हणजे काय, हे सांगताना ते गाडीच्या आसाचा दृष्टान्त देतात. ज्या आडव्या दांड्यावर चाके फिरतात तो आस उत्तम लाकडाचा असेल आणि नीट वापरला गेला, तर तो आपल्या शक्तीनुसार झिजत झिजत योग्य वेळी संपतो, आणि हे त्याचे कालमरण. पण तोच आस अतिभाराने, खाचखळग्यांच्या वाटेने किंवा वाटच नसलेल्या जागी नेल्याने, चाक मोडल्याने, ओढणाऱ्या जनावराच्या वा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने, वंगण न मिळाल्याने किंवा गाडी उलटल्याने मध्येच मोडतो. त्याचे लाकूड हलके होते असे नव्हे.

या दृष्टान्ताचा अर्थ समजायला पोथी लागत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची जी बाजारपेठ आहे, तेथील कोणत्याही गॅरेजात तो दिसतो. जॅकवर उचललेल्या टेम्पोचे चाक कारागीर उतरवतो, बेअरिंग काढतो, त्यातले काळे पडलेले ग्रीस बोटाने खरवडून डोळ्यांसमोर धरतो आणि त्या काळ्या लेपात लोखंडाची चमकती कणी दिसते का ते पाहतो. दिसली, तर तो मालकाला तीनच प्रश्न विचारतो : माल किती भरतोस, रस्ता कुठला, आणि ग्रीस शेवटचे केव्हा भरले. आसाचा दोष काय, हा प्रश्न शेवटी येतो. मराठीत ‘आस’ हा शब्द संस्कृत अक्षापासून आला तेव्हा त्याचा अर्थ गाडीचा दांडा, आणि आशेपासून आला तेव्हा उमेद. हा योगायोग आहे, पण या विषयापुरता तो विसरवत नाही.

हृदयविज्ञानाची भाषा या दृष्टान्ताशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. रक्त बाहेर ढकलताना डाव्या कप्प्याला ज्या विरोधाशी झगडावे लागते त्याला भारच म्हटले जाते, आणि उच्च रक्तदाब म्हणजे तो भार वर्षानुवर्षे, रात्रंदिवस वाढवून ठेवणे. आनुवंशिक दोष म्हणजे लाकडाचा मूळचा दोष. याचेही एक उदाहरण उपलब्ध आहे : हृदयस्नायूतील एका प्रथिनाची कृती सांगणाऱ्या जनुकात २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे हा प्रकार भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो, आणि हृदयाच्या क्षीणतेशी त्याचा संबंध असल्याचे २००९ मध्ये दाखवण्यात आले. आपण न केलेल्या पण आपल्याला भोगाव्या लागणाऱ्या गोष्टीला प्रारब्ध म्हणायचे असेल, तर या गळालेल्या २५ अक्षरांइतके चोख प्रारब्ध सापडणे कठीण. तरीही हा दोष नसलेली असंख्य माणसे आजारी पडतात आणि तो असलेली अनेक माणसे उतारवयापर्यंत धडधाकट राहतात. म्हणजे लाकूड हे एक कारण झाले. भार, वाट, खीळ आणि वंगण यांचा हिशेब वेगळाच राहतो.

त्यांपैकी वाटेचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच नेमका टाळला जातो. येथे चरकाच्या त्या अध्यायाची रचना लक्षात घ्यावी लागते. आसाचा दृष्टान्त ज्या अध्यायात येतो त्याचे नाव जनपदोद्ध्वंसनीय, म्हणजे साऱ्या जनपदाचा नाश करणाऱ्या व्याधींचा अध्याय. त्यात प्रश्न असा की ज्यांची प्रकृती, आहार, वय, शक्ती सगळे वेगवेगळे, ती माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात. आणि उत्तर असे की वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना सामाईक असतात व त्या बिघडल्या की सर्वांना बाधतात. त्या का बिघडतात, याचे मूळ अधर्मात सांगितले आहे, आणि अधर्माचा प्रारंभ देशाच्या, नगराच्या व व्यापारी संघांच्या प्रमुखांपासून होऊन तो खाली पसरतो, असे स्पष्ट म्हटले आहे. कर्मविचारातील हे फार मोठे पाऊल आहे. येथे रोग्याच्या कर्माऐवजी त्याच्यावर सत्ता असणाऱ्यांचे कर्म तपासले जाते.

कुर्ल्यात ‘देश’ या शब्दाचा अर्थ दहा-बाय-दहाच्या खोलीत झोपणारी सहा माणसे असा होतो. दाटीच्या घरात एका मुलाच्या घशातील स्ट्रेप्टोकोकस हा जंतू दुसऱ्या मुलाकडे सहज जातो. घसादुखी आपोआप बरी होते, पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो आणि जंतूशी लढण्यासाठी निघालेले शरीराचे सैनिक हृदयाच्या झडपांवरच चाल करतात. यालाच संधिवाताचा ताप म्हणतात. झडप आखडत जाते, आणि वीस-पंचवीस वर्षांनी, बहुधा पहिल्या बाळंतपणात, त्या मुलीला दम लागू लागतो. घसादुखीच्या वेळी पेनिसिलिन मिळाले असते, किंवा पहिल्या तापानंतर दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू राहिले असते, तर ही झडप बहुतेक वाचली असती. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला, तो तेथील मुलांचे पूर्वसंचित सुधारल्यामुळे नव्हे. तेथे घरे मोठी झाली आणि घसादुखीला औषध मिळू लागले. आठव्या वर्षी घसा दुखलेल्या मुलीला तिच्या झडपेचा जाब विचारणारे तत्त्वज्ञान, ते कोणत्याही ग्रंथाच्या नावाने येवो, अस्वीकार्य आहे.

वायूचेही तसेच. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या वाहनांच्या धुरातील जे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांच्या तळाशी जातात, त्यांचे हवेतील प्रमाण वाढलेल्या दिवसांत क्षीण हृदयाचे रुग्ण रुग्णालयात अधिक येतात, हे जगभरच्या अनेक शहरांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. सिग्नलवर उभा राहणारा फेरीवाला तंबाखू सोडू शकतो, पण श्वास घेणे सोडू शकत नाही. अंगमेहनतीचे काम करणारा माणूस कंबरदुखीसाठी औषधाच्या दुकानातून रोज वेदनाशामक गोळी घेतो, आणि ती गोळी मूत्रपिंडांना मीठ-पाणी धरून ठेवायला लावते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. येथे पुरुषकार आहे, पण तो वाटेच्या रुंदीइतकाच आहे.

यावर असा आक्षेप येतो की मग व्यक्तीची जबाबदारी उरत नाही. तो आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे शरीर किंवा आधारभूमी, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. लगेच पुढे असेही म्हटले आहे की असे असताना जो एकट्या आत्म्यालाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही. हे वचन बहुधा अहंकार घालवण्यासाठी वाचले जाते. पण ते आरोपालाही तितकेच लागू पडते. यशाचा कर्ता मी एकटा नसेन, तर रोगाचाही कर्ता रोगी एकटा नाही. कर्ता पाचांतला एक आहे. त्याचा वाटा शून्य होत नाही आणि पूर्णही होत नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरणच लिहिले, आणि ज्याचा भोग सुरू झाला आहे ते कर्म व ज्याचा सुरू झालेला नाही ते कर्म असा भेद मान्य करूनही प्रवृत्तीसाठी आत्म्याचे स्वातंत्र्य राखून ठेवले. हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात मधुमेहाने त्रस्त असलेल्या, आहाराचे कडक नियम पाळणाऱ्या माणसाने लिहिला, हे लक्षात घेतले तर त्या प्रकरणातील स्वातंत्र्य या शब्दाला रोजच्या ताटाचा संदर्भ मिळतो. कुर्ल्याचे रुग्ण ज्या मोठ्या महापालिका रुग्णालयात पाठवले जातात ते शीवचे रुग्णालय टिळकांच्याच नावाचे आहे.

बौद्ध परंपरेत हा मुद्दा आणखी उघडपणे मांडलेला आहे. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काहीजण म्हणतात ते खरे का. आणि बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगून, सर्वच दुःख पूर्वकर्माला लावणारे प्रत्यक्षाच्या पलीकडे जाऊन बोलतात, असे उत्तर देतात. पूर्वजन्मीच्या कर्माचा आधार घेऊन आजच्या विषमतेचे समर्थन होऊ शकते हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कर्माच्या प्रश्नाची जी कसून छाननी केली, तिचा धागा येथपर्यंत पोचतो. इस्लाममध्ये तकदीर मानूनही हातपाय न गाळण्याची शिकवण ठाम आहे : उंट बांधून ठेवावा आणि मग ईश्वरावर भरवसा टाकावा, ही पैगंबरांची शिकवण सर्वपरिचित आहे, आणि साथ पसरलेल्या प्रदेशात न शिरता माघारी फिरलेल्या खलिफा उमर यांना, विधिलिखितापासून पळता काय, असे विचारले गेले तेव्हा आपण ईश्वराच्या एका विधीकडून त्याच्याच दुसऱ्या विधीकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. दर रमजानला वस्तीतल्या दवाखान्यांत याचा व्यवहारी कस लागतो, कारण पाण्याची गोळी आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या रुग्णाने दिवसभर निर्जळ राहणे धोक्याचे ठरू शकते, आणि आजाऱ्याला रोजा न धरण्याची सवलत कुराणातच दिलेली असूनही ती घेताना भाविकाला अपराधी वाटते. निर्जळी एकादशी करणाऱ्या वृद्धेची अडचण याहून वेगळी नाही.

उपचारांकडे वळल्यावर आणखी एक जुना शब्द उपयोगी पडतो. आयुर्वेदात व्याधींचे साध्य, याप्य आणि असाध्य असे वर्ग केले आहेत. याप्य म्हणजे जी समूळ जात नाही, पण उपचार चालू आहे तोवर आवरलेली राहते आणि उपचार थांबताच उसळते. कोसळू पाहणाऱ्या घराला नीट बसवलेला टेकू जसे उभे ठेवतो, तसा उपचार याप्य रोग्याला धरून ठेवतो, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. ज्या शहरात टेकू लावलेल्या जुन्या चाळींमधून लग्ने लागतात, मुले शिकतात आणि गणपती बसतात, तेथे या उपमेचा अर्थ फोडून सांगावा लागू नये. बरा झालो की मेलो, एवढ्या दोनच अवस्था मानणारे मन याप्य अवस्थेपाशी गोंधळते. सूज उतरली, दम थांबला की ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या बंद होतात, आणि काही आठवड्यांनी तोच माणूस ऑक्सिजन लावून रुग्णालयात दाखल होतो.

हे टेकू आज बरेच मजबूत झाले आहेत. लघवी वाढवणारी, लोकांच्या भाषेत पाण्याची गोळी, साचलेला द्रव काढून दम कमी करते. आयुष्य वाढवण्याचे काम मुख्यतः दुसऱ्या चार गटांतील औषधे करतात, विशेषतः आकुंचनशक्ती घटलेल्या हृदयात : मूत्रपिंडांच्या गैरसमजातून सुरू झालेली संप्रेरकांची साखळी तोडणारी, अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला अडवणारी, नाडीचा वेग आवरणारी बीटा ब्लॉकर, आणि मूळची मधुमेहासाठी निघालेली पण मधुमेह नसणाऱ्यांच्या हृदयालाही उपकारक ठरल्याचे २०१९ मध्ये सिद्ध झालेली डॅपाग्लिफ्लोझिनसारखी. यांपैकी तिसऱ्या गटाची कथा तत्त्वचिंतकाने पाहण्यासारखी आहे. थकलेल्या हृदयाचा वेग कमी करणारे औषध देणे हा अनेक वर्षे अपराध मानला जाई. स्वीडनमधील गोटेन्बर्ग येथे फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मोजक्या सात रुग्णांचा उलटा अनुभव प्रसिद्ध केला, तरी तो सर्वमान्य व्हायला १९९९ मधील मोठ्या चाचण्या याव्या लागल्या. शरीर थकलेल्या बैलाला चाबूक मारत होते, आणि वैद्यक त्या चाबकालाच बैलाची शक्ती समजत होते. आसाच्या दृष्टान्तात हाकणाऱ्याचा दोष म्हणून जो मोजला आहे, तो हाच.

पुरुषकाराचा प्रांत येथे अगदी लहान, पण रोजचा आहे. सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करायचे आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे, हे ओळखून डॉक्टरांना गाठायचे. पापड, लोणचे, फरसाण, सुके बोंबील यांतले मीठ मोजायचे, आणि कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, कारण त्यातील पोटॅशियम या औषधांबरोबर घातक पातळी गाठू शकते. ज्या घरात एकच भाजी सर्वांसाठी शिजते, तेथे रुग्णाचे पथ्य हे स्वयंपाक करणाऱ्या बाईचे पथ्य असते. तिच्या हाताच्या चिमटीवर एका हृदयाचा भार ठरतो, आणि पुरुषकार हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी असला तरी येथे तो बहुधा तिचा असतो.

सर्व टेकू अपुरे पडले तर दुसऱ्याचे हृदय बसवण्याचा मार्ग उरतो, आणि तेथे धर्मविचार पुन्हा नव्याने जागा होतो. भारतातील पहिले हृदयारोपण फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केले, जगातील पहिल्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही आठवड्यांत. रुग्ण वाचला नाही. मेंदूचा मृत्यू हाच मृत्यू मानणारा कायदा १९९४ मध्ये झाला, आणि मुंबईत पुन्हा हृदयारोपण होण्यास २०१५ उजाडावे लागले, जेव्हा पुण्याहून आणलेले हृदय कुर्ल्यापासून फार दूर नसलेल्या मुलुंडमध्ये बसवण्यात आले. उपनिषदांत हृदयाच्या गुहेत अंगुष्ठमात्र पुरुष सांगितला आहे, गीतेच्या त्याच अठराव्या अध्यायात ईश्वर सर्व भूतांच्या हृदयदेशी राहतो असे म्हटले आहे. मग काढलेल्या हृदयाबरोबर कोण गेले आणि आलेल्या हृदयाबरोबर कोण आले, असा प्रश्न श्रद्धावानाला पडणे स्वाभाविक आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात याची दिशा दाखवून ठेवली आहे : शाळिग्रामात विष्णू पाहावा तसे हृदयकमळात ब्रह्म पाहावे, असे सांगण्याचा हेतू उपासनेचा आहे, सर्वव्यापी तत्त्व तेवढ्या जागेत कोंडलेले आहे असा नाही. इमाम गझाली यांनीही कल्ब या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले : छातीच्या डाव्या बाजूचा शंकूच्या आकाराचा मांसाचा गोळा, जो जनावरांनाही असतो, आणि ईश्वराला जाणणारे सूक्ष्म तत्त्व. दोन्ही परंपरांना आपला देव त्या स्नायूच्या आकुंचनावर अवलंबून ठेवायचा नव्हता. म्हणून त्या स्नायूचे दान करण्यास यांपैकी कोणत्याही तत्त्वज्ञानाची आडकाठी नाही, आणि दानपत्रावर सही करताना नातलगांचा हात थबकतो तो तत्त्वज्ञानामुळे नव्हे, हृदय अजून धडधडताना दिसते म्हणून. त्या थबकण्याला वेळ दिला पाहिजे.

बहुतेकांच्या वाट्याला मात्र आरोपण येत नाही. आस झिजत जातो. त्या शेवटच्या टप्प्यात दम कमी करणे, सूज उतरवणे, झोप लागेल असे करणे हाही उपचारच आहे, आणि कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर जायचे की नाही हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलेला आहे. कालमरण आणि अकालमरण हा चरकाचा भेद येथे पुन्हा उपयोगी पडतो, कारण वंगण घालण्याची वेळ कोणती आणि गाडी सावलीत उभी करण्याची कोणती, हे ओळखणे हाही वैद्याच्या व कुटुंबाच्या धर्माचा भाग आहे.

विमानस्थानातील त्या संवादात आसाचा दृष्टान्त संपतो आणि काल-अकाल मृत्यूची चर्चा पुरी होते, तेव्हा अग्निवेश गुरूंना लगेच पुढचा प्रश्न विचारतो. तो आत्म्याविषयी किंवा पुनर्जन्माविषयी नाही. ताप आलेल्यांना वैद्य थंड पाण्याऐवजी बहुधा गरम पाणी का पाजतात, एवढेच त्याला जाणून घ्यायचे आहे. आणि आत्रेय तितक्याच गांभीर्याने त्याचे उत्तर देतात. कुर्ल्याच्या बाह्यरुग्ण विभागात, लाकडी बाकावरून पुढे सरकत आलेली आणि खांद्यावरच्या पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे टेबलावर मांडणारी बाई नवऱ्याच्या वतीने डॉक्टरांना जे विचारते ते याच जातीचे असते : पाणी दिवसाला किती तांबे द्यायचे, आणि भाकरीच्या पिठात मीठ घातले तर चालेल का.